केबल मजबूत आहे, पण खोक्यावर अर्धीच माहिती

ही 2 मीटरची टाइप-सी केबल मी दोन महिने रोज वापरते आहे. पाचपैकी दोन स्टार देते आहे.

ते दोन मजबुतीचे आणि चार्जिंगचे. वरचं विणलेलं आवरण अजून कुठेही उसवलेलं नाही, प्लग घट्ट बसतो, लॅपटॉप भराभर चार्ज होतो. 100 वॅटचा दावा खरा आहे. फक्त चार्जिंगसाठी हवी असेल तर बिनधास्त घ्या.

मी व्हिडिओ एडिटिंग करते. एका रात्री साधारण 200 जीबी फुटेज एसएसडीवर (बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्कवर) टाकून सकाळी द्यायचं होतं. डिस्कची स्वतःची केबल सापडेना, म्हणून ही लावली. स्क्रीनवर आलं : एक तास तीस मिनिटं. वेग सेकंदाला 37 एमबी. एरवी हीच डिस्क हे काम पाचेक मिनिटांत उरकते.

मला वाटलं, डिस्क गेली. पोर्ट बदलला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, अँटीव्हायरस बंद करून पाहिला. डिस्क फॉरमॅट करायच्या बेतात होते, आणि तिच्यात आधीच्या दोन कामांचं मूळ फुटेज होतं. आजही तो क्षण आठवला की पोटात गोळा येतो. केबलवर संशय जायला साडेबारा वाजले, कारण केबल नवी, जाडजूड, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘हाय-स्पीड’. शेवटी ट्रायपॉडच्या पिशवीत तळाशी जुनी, बोटभर रुंदीची आखूड केबल सापडली. ती लावली आणि आकडा सेकंदाला 900 एमबीच्या वर गेला.

दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवेला डेटाचा वेग विचारला. उत्तर आलं, ‘फास्ट चार्जिंगला पूर्ण सपोर्ट आहे.’ पुन्हा विचारलं, तर ‘हाय-स्पीड डेटा.’ तिसऱ्यांदा आकडाच द्या म्हटल्यावर कळलं : 480 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून स्क्रीनवरच्या एमबीच्या हिशोबात हे जेमतेम 60, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे यूएसबी 2.0, सन 2000 मधलं मानक. आणि ‘हाय-स्पीड’ हे त्या 480 चं अधिकृत नावच आहे! 2008 साली आलेल्या 5 जीबीपीएसला (सेकंदाला 5 गिगाबिट, म्हणजे 480 च्या दहापट) ‘सुपरस्पीड’ म्हणतात. म्हणजे खोक्यावरचा शब्द नियमाला धरून आहे, आणि तरीही घेणाऱ्याची फसगत होते. मला सर्वांत जास्त राग याचाच आला.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्या तोंडात 24 पिना असतात, पण वेगवान डेटासाठी लागणाऱ्या तारांच्या जोड्या आत ओढल्या आहेत की नाही, ते बाहेरून दिसत नाही. चार्जिंगच्या केबलमध्ये त्या बहुतेक वेळा नसतात. केबल लांब असेल तर शक्यता आणखी कमी. फोनसोबत येणाऱ्या कितीतरी केबल अशाच असतात. वॅट आणि वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही : 240 वॅटची केबलसुद्धा 480 एमबीपीएसची असू शकते.

त्यात नावांचा घोळ. एकाच 5 जीबीपीएसला आधी यूएसबी 3.0 म्हणायचे, मग 3.1 जेन 1, मग 3.2 जेन 1. हे सगळं पाठ करून कोण केबल घ्यायला जातं? 2022 पासून यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनेच सोपी चिन्हं दिली आहेत, त्यांत थेट जीबीपीएस आणि वॅट लिहायचे असतात. या केबलच्या प्लगवर मात्र कंपनीचं नाव सुबक कोरलं आहे आणि आकडा एकही नाही. नाव मावतं तिथे 480 हे तीन अंक नक्की मावले असते. ते छापले असते तर मी बाकीचे तीन स्टारही आनंदाने दिले असते, कारण मग मी ती चार्जिंगची केबल म्हणूनच घेतली असती.

डिस्कसाठी घेणार असाल तर विक्रेत्याला वॅट विचारू नका, जीबीपीएस विचारा. आकड्यात उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आणि कॉपी करताना वेग 35-40 एमबीवर अडकून बसला, तर बाकी कशालाही हात लावण्याआधी केबल बदलून पाहा.

मी ही परत केलेली नाही. चार्जिंगला ठेवली आहे, दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून, तिच्यावर मार्करने 480 लिहून.