दोन चाकं सोडून तीनवर जायचं, तर कुठल्या तीनवर?

गुडघे कुरकुरायला लागले, जड गाडी सिग्नलला पायांवर तोलून धरणं नकोसं झालं, की तीन चाकांकडे मन वळतं. तेवढ्यापुरती ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल, चोख आहे. वाळू, बारीक खडी, रस्त्यातून तिरके गेलेले रूळ अशा ठिकाणी दुचाकी अंगाखालून निसटते. ट्राइक जरा घसरते, पण सहसा उभीच राहते. पडायची धास्ती जाते खरी. धोका मात्र जात नाही, तो वळणावर जाऊन बसतो.

दुचाकी वळणात आत कलते. साधी ट्राइक कलत नाही, त्यामुळे अंग बाहेर फेकलं जातं आणि वेग जास्त असला तर आतलं चाक उचलतं. त्याहून वाईट म्हणजे हाताची सवय. चालत्या दुचाकीला उजवीकडे न्यायचं तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. वर्षानुवर्षं चालवणारा हे नकळत करतो. ट्राइकवर तीच मूठ ढकलली, की गाडी डावीकडे जाते! निवांत असताना हे लक्षात राहतं. समोर अचानक कुत्रं आलं, की हात जुनंच करतात. माझ्या मते जुन्या, मुरलेल्या चालकाला ट्राइकचा धोका नवशिक्यापेक्षा जास्त आहे तो इथे.

खड्ड्यांचं गणितही बदलतं. दुचाकीच्या पुढच्या चाकाने खड्डा चुकवला, की मागचंही बहुधा चुकवतं. ट्राइकच्या तीन चाकांच्या तीन चाकोऱ्या. दोन चाकांच्या मधून खड्डा काढावा म्हटलं, तर मधलं चाक नेमकं त्यात. लेनच्या मधोमध गाड्यांचं तेल ठिबकलेलं असतं, तिथूनही तेच चाक जातं. लेनच्या कडेने चालवायची सवय असेल तर रुंदीचा अंदाज चुकून एक चाक डांबराखाली उतरतं. रुंद, सपाट टायर साचलेल्या पाण्यावर दुचाकीच्या गोल टायरपेक्षा लवकर तरंगतात, त्यामुळे पावसात वेग कमीच हवा. गर्दीत गाड्यांच्या फटीतून निघणं तर विसराच. जमेची बाजू एवढी, की रुंद गाडी इतरांना जरा लवकर दिसते.

आता कुठली तीन? मागे दोन चाकं असलेल्या, म्हणजे हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइडसारख्या गाड्या लांब, सरळ रस्त्यावर झकास. पण भर वळणात जोरात ब्रेक दाबला, तर वजन पुढच्या एकुलत्या चाकाकडे धावतं आणि गाडी बाहेरच्या कोपऱ्यावर उलटायला बघते. पुढे दोन चाकं असली तर ब्रेक लावताना वजन रुंद बाजूला येतं, त्यामुळे गाडी जास्त सावरते. अशातली कॅन-ॲम स्पायडर 2007 मध्ये आली, ती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घेऊनच. मागचं एकटं चाक ओल्या रस्त्यावर जास्त रेस दिल्यास घसरतं, पण घाटवळणांसाठी मी हीच रचना घेईन.

कलणाऱ्या तीनचाकींमध्ये मुठीची जुनी सवय तशीच चालते. पण एक मेख आहे. पियाजिओ एमपी3 थांबल्यावर तिचं कलणं लॉक करता येतं, यामाहा निकेन मात्र पायावरच तोलावी लागते. गुडघ्यांसाठी तीनचाकी घेत असाल, तर निकेनचा उपयोग नाही.

हेल्मेट, जॅकेट तिन्हींना सारखंच लागतं, त्यात सूट नाही.

चाचणीला जाल तेव्हा रिकामं मैदान मागा. आधी इंग्रजी आठचा आकडा काढा, मग सरळ रेषेत जोरात ब्रेक मारून बघा. आणि थांबताना पाय खाली सोडू नका. मागे दोन चाकं असतील, तर त्यातलं एक थेट पावलावरून जातं.