कॅमेरा जोडून देणाऱ्याने काय नेले

सांगलीला एकट्या राहणाऱ्या आईच्या घरी बसवण्यासाठी मी वायरलेस कॅमेरा घेतला आणि त्याचे चित्रण संगणकावर दिसते का, हे पाहण्यासाठी तो आधी पुण्यातल्या आमच्या घरीच जोडायला बसलो. दोन तास खटपट करूनही तो वायफायला जोडला जाईना, तेव्हा इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधून यादीत सर्वांत वर दिसलेल्या मोबाइल क्रमांकावर मी फोन लावला. खोक्यावर १८०० ने सुरू होणारा क्रमांक छापलेला होता; तो मी पाहिलाच नाही.

पलीकडच्या माणसाने संगणकावर ‘एनीडेस्क’ हे दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर घ्यायला लावले, पडद्यावरचा क्रमांक विचारला आणि आलेल्या विनंतीला मी स्वतः परवानगी दिली. त्याने माझी अडचण खरोखर सोडवली, हे मुद्दाम सांगतो, कारण माझा विश्वास तिथेच बसला. असे बरेच कॅमेरे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आमची जोडणी ५ गिगाहर्ट्झवर होती. त्याने राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावे दिली आणि पाच मिनिटांत आमची बैठकीची खोली पडद्यावर दिसू लागली.

त्यानंतर वॉरंटीच्या नोंदणीसाठी १० रुपये नेटबँकिंगने भरायला त्याने सांगितले. मी बँकेच्या खात्यात शिरलो, पडदा काळा झाला, अपडेट चालू असल्याचे तो म्हणाला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मी त्याला वाचून दाखवला. त्याच संदेशात ४८,५०० रुपये ही रक्कम लिहिलेली होती.

संगणकाचे इंटरनेट तोडून मी लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचेच असते, असे बँकेने सांगितले. एनीडेस्कद्वारे होणाऱ्या अशा फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ती रक्कम मला अद्याप मिळालेली नाही.

पैशांपेक्षा दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागली. या धावपळीत कॅमेरा टेबलावर तसाच चालू राहिला होता आणि चौथ्या दिवशी त्याचे खाते उघडल्यावर तिथे एका अनोळखी फोनचीही नोंद दिसली. कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड मी फोनवरच्या त्या माणसाच्या नजरेसमोर ब्राउझरमध्ये जतन केला होता. म्हणजे मुलगी ज्या खोलीत अभ्यासाला बसते, ती खोली तीन दिवस कोणा परक्याला पाहता येत होती. बँकेचा पासवर्ड बदलताना कॅमेऱ्याचाही बदलायला हवा, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नाही.

मग तो अनोळखी फोन खात्यातून काढला, कॅमेऱ्याचे बारीक छिद्रातले बटण दाबून तो मूळ स्थितीत आणला, राउटरचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला. आईच्या घरी कॅमेरा आता बाहेरच्या दारावर, फाटकाकडे तोंड करून बसवला आहे. घरात एकही नाही.