मलेरियाची गोळी की मेथोट्रेक्सेट? पेशीत शिरून पाहिलं तर

आमवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) यांचं निदान झालं की चिठ्ठीवर बहुधा दोनपैकी एक नाव येतं: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट. पहिलं वाचून घरचे विचारतात, "अहो, ही तर मलेरियाची गोळी ना?" होय, तीच. दुसऱ्या महायुद्धात मलेरिया टाळायला मेपाक्रिन घेणाऱ्या काही सैनिकांचं पुरळ आणि सांधेदुखीही कमी झाली, तेव्हापासून मलेरियाच्या औषधांचं हे घराणं आमवातात शिरलं.

दोन्ही गोळ्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, एवढं सगळेच सांगतात. पण निवडायचं तर लगाम कुठे घातला जातो ते पाहावं लागतं.

पांढऱ्या पेशींत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात. गिळलेलं सगळं तिथे पचतं, कारण आतला पीएच 5 च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्ल असतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सहज आत शिरतं, पण आम्लात त्याला प्रोटॉन चिकटतो आणि परतीची वाट बंद होते. ते साचत जातं, आंबटपणा उतरतो, पचवणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात. प्रथिनांचे तुकडे करून टी-पेशींना (हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवायचं काम रेंगाळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टीएलआर-7 आणि टीएलआर-9 हे जंतूंची चाहूल घेणारे गजर अशाच आम्ल कप्प्यांत बसवलेले असतात. ल्युपसमध्ये रुग्णाच्याच डीएनए-आरएनएचे तुकडे ते वाजवतात आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक नावाच्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन-अल्फा हा दाह भडकवणारा संदेश सोडत सुटतात. गोळी इथेच आडवी येते. सैनिकांची फौज ती कापत नाही, भोंग्याचा आवाज कमी करते. म्हणून तिच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका फारसा वाढत नाही.

मेथोट्रेक्सेटची तऱ्हा वेगळी. मोठ्या मात्रेत ते कर्करोगाचं औषध; आमवातातल्या छोट्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मात्रेत पेशींबाहेर अ‍ॅडेनोसिन हा दाह शमवणारा रेणू वाढवून न्यूट्रोफिल (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि टी-पेशींना थंड करतं. हा ब्रेक जास्त जोरकस आहे. सांध्याचं हाड झिजू लागलं असेल तर नुसत्या मलेरियाच्या गोळीवर विसंबणं मला पटत नाही. सौम्य आमवाताला ती चालते, त्यापुढे मेथोट्रेक्सेट. ल्युपसमध्ये मात्र उलट: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा पाया, बाकीचं त्यावर. 1991 च्या कॅनडातल्या चाचणीत गोळी थांबवलेल्यांमध्ये आजार उसळण्याचा धोका सुमारे अडीचपट निघाला.

किंमत दोघांचीही मोजावी लागते. मेथोट्रेक्सेटसोबत फोलिक अ‍ॅसिड, रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या नियमित तपासण्या, दारूला आवर. गर्भारपणात ते अजिबात नाही, तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गर्भारपणातही चालू ठेवतात. आणि आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून तो पाकिटावरच लिहावा.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा खरा हिशोब डोळ्यांच्या पडद्याचा. मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला 5 मिलिग्रॅमपर्यंत. 60 किलोच्या माणसाला 300. गोळी 200 ची, म्हणून एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. एवढं पाळलं तर 10 वर्षांपर्यंत पडद्याला इजा होण्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत राहतं, पण 20 वर्षांनंतर ते 20 टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून पहिल्या वर्षात एक तपासणी आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी: ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशानं घेतलेलं चित्र), आणि पांढऱ्या घुमटात बारीक ठिपका दिसला की बटण दाबायची ती कंटाळवाणी चाचणी. टाळू नका, सुरुवातीची इजा रुग्णाला जाणवत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाचं औषध) चालू असेल तर धोका वाढतो, ते आधीच सांगावं. तिचं भावंड क्लोरोक्विन पडद्याला जास्त जाचतं (मर्यादा दर किलोमागे दिवसाला 2.3 मिलिग्रॅम), त्यामुळे पर्याय असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

2020 साली कोविडवर या गोळीचा गाजावाजा झाला. रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत इस्पितळातल्या रुग्णांचे मृत्यू तिनं कमी केले नाहीत. पण त्यावरून ल्युपसमधल्या तिच्या कामाला नाव ठेवू नये.

घाई असेल तर मेथोट्रेक्सेट थोडं आधी जाणवतं, साधारण 6 ते 12 आठवड्यांत. मलेरियाच्या गोळीला दोन-तीन महिने, कधी सहाही लागतात. "दीड महिना झाला, काहीच फरक नाही" म्हणून ती सोडणारे बरेच असतात. पिशव्या भरायला तेवढा वेळ लागतोच, आणि तोवर वाट पाहायची नसेल तर डॉक्टर दोन्ही एकत्रही देतात.