एजंटांचं शेअरिंग अ‍ॅप: कोल्हापुरात पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरून आलेला अनुभव

मी कोल्हापुरात घर-जागांच्या रिसेलचं, म्हणजे फेरविक्रीचं, काम करतो. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क हा माझा पट्टा, अधूनमधून आर. के. नगर आणि पाचगावकडचे प्लॉट. पाडव्याला एका एजंट-नेटवर्क अ‍ॅपचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. आपल्याकडची प्रॉपर्टी टाकायची, दुसऱ्या एजंटाकडं गिऱ्हाईक असेल तर त्यानं जोडायचं आणि दलाली वाटून घ्यायची, एवढीच कल्पना. अ‍ॅपचं नाव देत नाही. असली आणखी अ‍ॅपं आणि ढीगभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहिलेत, सगळीकडं गाडी त्याच ठिकाणी अडते.

जे चाललं ते आधी सांगतो. पुण्या-मुंबईत आयुष्य काढून निवृत्तीनंतर परत येणारी मंडळी बऱ्याचदा तिथल्याच ओळखीच्या एजंटाला विचारतात. त्या एजंटाला इथलं कुणी माहीत नसतं. तो अ‍ॅपवर मागणी टाकतो, मी फ्लॅट दाखवतो, तो त्याच्या पार्टीची दलाली घेतो, मी मालकाची. कुरबूर नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली भाड्याची शेडही अशीच गेली, कारण ती मागणारा बाहेरचा असतो. दिवाळीपर्यंत अ‍ॅपमुळं जे काही पदरात पडलं ते जवळजवळ सगळं या दोन प्रकारांतलं. वर्गणी निघाली, तक्रार नाही.

शहरातल्या शहरात मात्र वेगळंच. इथं मालक एकाच एजंटाला काम देत नाही. पेठेतल्या ओळखीच्या एजंटाला सांगतो, जावयाच्या मित्राला सांगतो, समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगून ठेवतो. ‘तीन महिने फक्त माझ्याकडं द्या आणि तसं लिहून द्या’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘लिहून कशाला पाहिजे? शब्दावर चालतंय की सगळं.’ मग माझ्याकडं धंद्याचं भांडवल म्हणून उरतं काय, तर घर कुठलं आणि मालक कोण, एवढी माहिती. ती अ‍ॅपवर टाकली की माझ्याजवळचं संपलं.

अ‍ॅप विकायला आलेला मुलगा सारखा अमेरिकेचं उदाहरण देत होता. तिकडच्या एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीवर, सगळे एजंट सगळी घरं बघतात हे खरं आहे. पण तिथं मालकानं आधी एका एजंटाशी ठरावीक मुदतीचा लेखी करार केलेला असतो. घर कुणीही विको, त्या मुदतीत त्याचा मोबदला बुडत नाही, म्हणून तो बिनधास्त माहिती वाटतो. आपल्याकडं तो करार गाळून नुसता फळा आणलाय. आणि तिकडंही सगळं गोडीगुलाबीत चाललंय असं समजू नका. दलाली कुणी द्यायची यावरून तिथं मोठे दावे झाले, एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२४ मध्ये ४१ कोटी ८० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून गिऱ्हाईकाच्या एजंटाला किती दलाली मिळणार हे एमएलएसवर लिहायलाच बंदी आली. अ‍ॅप विकणारा मुलगा मात्र दलालीचा तोच रकाना अ‍ॅपची खासियत म्हणून दाखवत होता.

लेखी काम नसल्याचे परिणाम रोज दिसतात. एकच फ्लॅट पाच एजंटांनी पाच दरांनी टाकलेला. फोटो तेच, कडेचं नाव कापलेलं. विकून गेलेली घरं काढायची नाहीत, कारण त्यावर फोन येत राहतात. नकाशावरची खूण मुद्दाम दोन गल्ल्या पलीकडं, म्हणजे दुसरा एजंट थेट मालकाच्या दारात जाऊ नये. पण कोल्हापूर आहे हे! फाटकाची जाळी आणि शेजारचं गुलमोहराचं झाड बघून लोक सांगतात, हा बंगला कुणाचा.

सगळ्यात भारी नमुना मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराचा. दोन लिस्टिंग, दोन एजंट, दोन दर, आणि दोघांकडंही खुद्द मालकानं काम दिलेलं. उलगडा असा की मालक दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मालमत्ता पत्रकावर बहिणींची नावंही आहेत, ज्यांना कुणी विचारलेलंच नाही. अ‍ॅपनं दोन्ही लिस्टिंगला ‘व्हेरिफाइड’ची हिरवी खूण दिली होती. खोलात गेलो तेव्हा कळलं, ती खूण एजंटाच्या मोबाइल नंबरची असते, घराची नव्हे.

दलालीच्या वाटणीबद्दलही थोडं. अ‍ॅपमध्ये टक्केवारीचा रकाना आहे. आपल्याकडं पुष्कळ मालक टक्क्यांत बोलतच नाहीत. ‘मला एवढे हातात पाहिजेत, वरचे तुमचे.’ आता वरचे किती हे शेवटच्या बैठकीपर्यंत माहीत नसतं, आणि मालकाकडचा एजंट ते दुसऱ्याला कधी खरं सांगत नाही. त्यात साखळी लांबते. गिऱ्हाईक आणणारा एक, त्याला ते दिलेला दुसरा, गाडीत बसून आलेला तिसरा. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर खरेदी करणाऱ्यांपेक्षा हिस्सा मागणारे जास्त उभे असतात.

मधल्याला उडवणं हे जुनंच दुखणं. अ‍ॅपनं यावर तोडगा काढलाय: गिऱ्हाईकाला जागा दाखवायच्या आधी त्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे आकडे नोंदवायचे, पुढचे साठ दिवस ते गिऱ्हाईक तुमचं. कागदावर चोख. राजारामपुरीतल्या एका गाळ्यासाठी एका सभासदानं गिऱ्हाईक आणलं, मी नोंद बघून गाळा दाखवला. पुढं ‘पार्टीचा विचार बदलला’ असा निरोप आला. काही दिवसांनी गाळ्यावर नवीन बोर्ड! मला वगळून खरेदी झालेली, तीही गिऱ्हाईकाच्या बायकोच्या नावावर, नंबर वेगळा, त्यामुळं अ‍ॅपच्या लेखी हे गिऱ्हाईकच निराळं. तक्रारीवर कंपनीचं उत्तर आलं, दोन्ही सभासदांनी सामोपचारानं मिटवावं. मिटवलं ते शाहूपुरीतल्या एका ज्येष्ठ एजंटानं. दोघांना चहाला बोलावलं, त्या सभासदाला एवढंच म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात माझ्याकडं येणारच आहेस ना कुठल्यातरी प्लॉटला?’ अर्धी रक्कम आली. एजंटाला स्टार द्यायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण उद्या आपलंच काम अडेल म्हणून कुणी कुणाला वाईट स्टार देत नाही. माझ्या यादीतले सगळेच साडेचारच्या वर आहेत, तो सभासदही.

आता पुराच्या पाण्याचा विषय, आणि इथं मला अ‍ॅपचा खरोखर राग आला. कोल्हापुरात घर बघायला आलेला माणूस किंमत विचारायच्या आधी विचारतो, २०१९ ला पाणी कुठवर होतं आणि २०२१ ला कुठवर. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथं एकाच रस्त्यावर चार घरं सोडून उत्तर बदलतं. अ‍ॅपमध्ये जिमचा रकाना आहे, क्लब हाऊसचा आहे, पुराचा नाही. पूररेषेचाही नाही. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची, निळ्याच्या आत बांधकामाला बंदी, हे प्लॉट घेणाऱ्याला पहिल्यांदा कळायला हवं. एकट्यानं विकताना मी ते तोंडानं सांगतो. शेअरिंगमध्ये सांगणारा असतो तिसराच एजंट, ज्यानं ती जागा स्वतः पाहिलेली नसते. तो बेधडक सांगतो, ‘पाणी येत नाही.’ शेवटी मी वर्णनाच्या पहिल्याच ओळीत पाण्याची खूण लिहायला लागलो. त्यानं फोन कमी आले, पण जे आले ते कामाचे.

क्षेत्रफळाचीही तीच गत. रकाना फक्त चौरस फुटांचा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, पण निम्मे एजंट हजारानं गुणून मोकळे होतात. पाच गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये ४४५ चौरस फुटांचा फरक पडतो आणि मोजणीच्या वेळी भांडण मालकाकडच्या एजंटाच्या गळ्यात.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला एजंटाची महारेराकडं (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि २०२३ मध्ये महारेरानं प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. अ‍ॅप नोंदणी क्रमांक मागतं, पण काहीही टाकलं तरी पुढं जातं. मी महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून बघतो, मगच बिल्डरच्या प्रकल्पात कुणाला जोडून घेतो. पैशाचंही तसंच. बिल्डर एकाच एजंटाला टीडीएस कापून चेक देतो. ऑक्टोबर २०२४ पासून हा टीडीएस ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलाय, तेवढंच बरं. पण माझ्या बिलातला निम्मा हिस्सा ज्याला द्यायचा तो म्हणतो, रोख द्या, बिल कशाला. मग त्याच्या हिश्श्यावरचा कर मी का भरायचा? या प्रश्नावर आत्तापर्यंत दोन ओळखी तुटल्यात.

नूतनीकरण करणार का? करणार, पण लहान प्लॅनवर. आता अ‍ॅपवर फक्त ज्या मालकानं मुदत घालून सही दिलीय तीच जागा टाकतो. यादी छोटी झालीय. कंपनीकडं पुराचा रकाना आणि गुंठ्याचा पर्याय मागितलाय, ‘टीमला कळवतो’ असं उत्तर आहे. तुमचं काम बाहेरगावच्या गिऱ्हाईकांवर चालत असेल तर जरूर घ्या. पेठेतल्या पेठेत काम असेल तर पैसे वाचवा. आणि घ्यायचंच ठरलं तर पितृपक्षात घ्या. तेव्हा व्यवहार थंड असतात आणि कंपनीचा माणूस स्वतःहून सवलत घेऊन दारात येतो.