पाळीआधीची खाखा आणि वजनाचा काटा: घट्ट धरायचं, सोडून द्यायचं की मधली वाट?

वजन उतरवायला घेतलं की महिन्यातले तीन आठवडे तसे बरे जातात. दुपारचा भात आवरतो, संध्याकाळी चालणं होतं, काटाही हळूहळू खाली येतो. मग पाळी पाच-सहा दिवसांवर आली की संध्याकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचं पों-पों ऐकून पाय आपसूक दाराकडे वळतात. दोनाचे चार पाव घेतले जातात, आणि रात्री जेवण झाल्यावरही नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा उघडला जातो. या दिवसांचं काय करायचं, यावर बायका साधारण तीन प्रकारे वागतात. कुठला प्रकार कुणाला परवडतो ते इथे मांडते.

आधी शरीराचं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं, आणि बसल्या जागीही ऊर्जा थोडी जास्त खर्च होते. भूकही वाढते. बऱ्याच अभ्यासांत या काळात रोज १०० ते ३०० कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्याचं दिसलं. काहींत फारसा फरक आढळला नाही, कारण बाईगणिक हे बदलतं. पाळीच्या अगदी तोंडावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही घसरतात, त्यासोबत मनाची स्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचंही गणित हलतं, आणि मन गोडाकडे, पावाकडे, तळलेल्याकडे ओढ घेतं. तेव्हा ही भूक खरी आहे. जिभेचे चोचले म्हणून स्वतःला बोल लावत बसायचं कारण नाही. मात्र खर्च जेवढा वाढतो त्याहून भूक बहुधा जास्त वाढते, म्हणून 'शरीर मागतंय तर देऊया' हेही सरसकट चालत नाही.

तीन वाटा, एकच हिशेब

समजा, रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खायचं असं ठरलंय. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरू आणि भुकेचे दिवस सहा.

पहिली वाट घट्ट धरण्याची. अठ्ठावीसही दिवस तोच आहार, एक घास इकडेतिकडे नाही. कागदावर ११,२०० कॅलरींची तूट पडते, म्हणजे जवळजवळ दीड किलो. माझी मावसबहीण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. जेवणाचे डबे बांधलेले, कँटीन नावडतं, कामाची वेळ ठरलेली. तिला ही वाट छान जमते, कारण समोर दुसरं काही येतच नाही. पण जिचं दिवसभराचं काम घरात, हाताशी बरण्या आणि शेजारून येणारी ताटं, तिचं बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी सुटतं. आणि सुटतं तेव्हा थोडकं सुटत नाही. महिन्यातले दोन दिवस असे गेले आणि त्या दिवशी गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त गेल्या, तर तूट ८,४०० वर येते. हातात उरतात १.१ किलोच्या आसपास.

दुसरी वाट मोकळं सोडण्याची. 'ते दिवस आहेत, खाऊ दे' म्हणायचं आणि पाळी आली की परत सुरू. यातही दोन जाती आहेत. कुणी त्या सहा दिवसांत गरजेइतकंच खाते, म्हणजे तूट नाही आणि भरही नाही. तिची महिन्याची तूट ८,८०० राहते, पहिलीच्या दोन वाईट दिवसांनंतरच्या हिशेबाहून किंचित बरी. थकलेल्या, कमी झोपणाऱ्या, तान्हं मूल असलेल्या बाईने हीच वाट घ्यावी असं मला वाटतं. दुसरी जात म्हणजे मोजमापच सोडून देणं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास हे भुकेचे दिवस आले तर नेवऱ्या, पातोळ्या, मणगणं हे सगळं गोडधोड त्याच आठवड्यात गाठतं आणि तीन आठवड्यांची मेहनत वाहून जाते. मोकळं सोडायचंच असेल तर कुठवर, हे आधी ठरलेलं हवं.

तिसरी, मधली वाट. त्या सहा दिवसांत रोज साधारण २०० कॅलरी वाढवायच्या, पण त्या कशातून येतील ते आपण ठरवायचं. महिन्याची तूट १०,००० राहते, म्हणजे १.३ किलोच्या जवळपास. पहिलीच्या कागदी आकड्याहून कमी, पण प्रत्यक्षात टिकण्याची शक्यता जास्त. डेन्मार्कमध्ये अशाच, पाळीच्या चक्राप्रमाणे आहार-व्यायाम बदलणाऱ्या कार्यक्रमाची सहा महिने चाचणी झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. ज्या बायकांनी तो नीट पाळला त्यांचं वजन साध्या आहारवाल्यांपेक्षा जास्त उतरलं. पण भाग घेतलेल्यांतल्या जवळपास निम्म्या मध्येच गळाल्या, हेही त्याच चाचणीतलं. तेव्हा ही जादूची कांडी म्हणून कुणी विकायला आलं तर दार लावून घ्यावं.

माझा कौल तिसरीला आहे, आणि त्यातला सगळा कस लागतो तो संध्याकाळी पाच ते सातमध्ये.

पाच वाजताची भूक

गोव्यात या वेळेला मोह फार. गाड्यावरचा रस ऑम्लेट, हॉटेलातली मिरची-भजी, बेकरीतली पॅटिस, ऑफिसमध्ये कुणीतरी आणलेला बेबिंका. सरसकट सगळं वाईट म्हणणारी यादी मला पटत नाही, कारण यात बरंच डावं-उजवं आहे.

रस ऑम्लेट घ्या. गाडेवाला दोन अंडी फेटतो, तव्यावर टाकतो, वर शाकुतीचा, म्हणजे खोबरं-मसाल्याच्या कालवणाचा, रस ओततो, कांदा-लिंबू आणि बाजूला पाव. दोन अंड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिनं आणि कॅलरी दीडशेच्या आसपास. भार वाढतो तो तेलाने, खोबऱ्याच्या रसाने आणि मागाहून मागवलेल्या पावांनी. रस अर्धा, पाव एकच, कांदा भरपूर असं सांगितलं तर हे खाणं त्या दिवसांत चालण्यासारखं आहे. रात्रीचं जेवण हलकं घेतलं की झालं. त्याऐवजी घेतलेली दोन मिरची-भजी आणि बटाटवडा पोट भरल्यासारखं करतात, पण बेसन-तेलापलीकडे हाताला फारसं लागत नाही, आणि तासाभराने परत भूक. चण्याची पातळ भाजी आणि एक पाव हा या दोहोंच्या मधला पर्याय, आणि तो जवळपास प्रत्येक गावच्या हॉटेलात मिळतो.

पावाबद्दल एक सांगून टाकते. पोळी, म्हणजे गोव्यातला कोंडा लावलेला पोकळ पाव, घेतली म्हणजे पथ्य पाळलं अशी आपल्याकडे समजूत आहे. पूर्वीची पोळी भरड गव्हाची असेल. आता बऱ्याच ठिकाणी मैद्याचाच गोळा असतो, वरून कोंडा भुरभुरलेला. फोडून आत बघा, रंगावरून कळतं. पोळी वाईट म्हणत नाही, पण ती पावाला पर्याय आहे, भाजी-उसळीला नाही.

गोडाचं वेगळं. गोड पूर्ण बंद ठेवलेल्यांपेक्षा ठरवून थोडं खाणाऱ्या जास्त निभावतात, हे मी आजूबाजूला सतत बघते. काय खायचं? सत्तर टक्के कोको असलेलं २० ग्रॅम चॉकलेट साधारण १२० कॅलरींचं. दोन-तीन तुकड्यांत समाधान होतं, कारण कडू असल्याने फार खाववत नाही. पण वेष्टनावर 'डार्क' छापलंय म्हणून भुलू नये, मागे साखर किती ते वाचावं. बेबिंका म्हणजे नारळाचा रस, अंड्यांचं पिवळं, तूप आणि साखर. एक पातळ काप चालेल, पण किलोचा डबा घरी आणून 'रोज एकच काप' हे व्रत कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही. काजू गोव्याच्या घरात बरणीभर असतातच. ३० ग्रॅम म्हणजे १७० कॅलरी, वीसेक दाणे. वाटीत काढून घ्यावेत, बरणी कपाटात परत गेली पाहिजे.

या सगळ्यात मला उजवं वाटतं ते तिझण. दोन चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, माडाचा गूळ सुपारीएवढा, मिठाची कणी, आणि नारळाचा रस नेहमीच्या निम्मा. दाट, गरम, गोड. गोडाची तल्लफ आणि पोटाची भूक दोन्ही भागवतं. फक्त ते पेल्याऐवजी वाटीत घ्या आणि चमच्याने खा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या जवळ. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा पाळीआधीचा त्रास, खाण्याची ओढ धरून, तिसऱ्या चक्रापर्यंत कमी झाला होता. तिझणाच्या वाटीतून तेवढं मिळणार नाही, पण दही, ताक, काट्यासकट खाल्लेली तारली यांची जोड दिली तर बरीच मजल मारता येते. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून, विशेषतः मूतखडा होऊन गेला असेल तर.

नुस्त्याचे (मासळीचे) वार आणि शिवराक (शाकाहारी) वार

संध्याकाळ सावरायची असेल तर दुपार भक्कम हवी. नुस्त्याच्या दिवशी हे सोपं आहे. दोन मध्यम बांगड्यांतून ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. रव्यात घोळवून तेलात सोडण्यापेक्षा हुमणात (माशांच्या आमटीत) किंवा तव्यावर चमचाभर तेलात केले की बऱ्याच कॅलरी तिथेच वाचतात. उकड्या तांदळाचा भात एक वाटी, सोबत तांबडी भाजी (लाल माठ) किंवा काकडी भरपूर. हुमणातलं खोबरं मात्र मोजावं, अर्धी वाटी ओलं खोबरं म्हणजे दीडशे कॅलरी सहज.

सोमवार, गुरुवार, एकादशी आणि श्रावण धरला की शिवराक दिवस बरेच भरतात, आणि पाळीआधीचा आठवडा त्यात सापडला की ताटात नुसता भात, वरण, पापड आणि बटाट्याची भाजी राहते. पाचची भूक तिथेच शिजते. अळसांद्याचं (चवळीचं) किंवा चण्याचं तोणाक (रस्सा), मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ), वाटीभर दही यांतलं दोन काहीतरी हवंच. वाटीभर शिजलेल्या अळसांद्यांत १० ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत. उपवास करणाऱ्यांना माझा आग्रह नाही, पण पाळीआधीच्या दिवसांतला कडक उपवास आणि त्यातली साबुदाण्याची खिचडी ही जोडी वजनाला सगळ्यात महाग पडते. शक्य असेल तर त्या आठवड्यात फळं-दूध-शेंगदाण्यांचा उपवास करावा.

मिठाचं थोडक्यात: सुक्या बांगड्याची किसमूर (कोशिंबीर), पापड, लोणचं, चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) या दिवसांत कमी. अंगात पाणी धरलं जातंच, मीठ त्यात भर घालतं.

पाळी सुरू झाल्यावर

बहुतेकींची भूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरते. काहींचं पोट ढवळतं, जुलाब होतात, तेव्हा पेज आणि ताक पुरे. रक्त जातं म्हणून लोहाकडे बघावं: तिसऱ्यो (शिंपल्या), अंडी, तांबडी भाजी, वर लिंबू पिळून. चहा जेवणाला लागून नको, तासभर जाऊ द्यावा. ज्या घरात या चार दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नसतं, तिथे ताटात काय येणार ते दुसऱ्याच्या हातात जातं. मग उकडलेली अंडी, भाजलेले चणे, फळं आधीच खोलीत आणून ठेवलेली बरी. घरच्यांशी वाद पाळी गेल्यावर घालावा, पोट भरलेलं असताना.

चालणं थांबवायची गरज नाही. पावसाळ्यात मिरामारला (पणजीच्या किनाऱ्यावर) जाणं जमत नसेल तर घरातल्या घरात अर्धा तास पुरतो. दुखत असेल त्या दिवशी सोडलं तरी काही बिघडत नाही. झोप मात्र सोडू नये, कमी झोपेने भूक आणखी पेटते.

हे कुणाला लागू नाही

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर बहुधा बीजच सुटत नाही, त्यामुळे भुकेचं चक्रही असंच चालेल असं धरू नये. पाळी ३५ दिवसांच्या पलीकडे लांबत असेल, चेहऱ्यावर केस आणि वजन दोन्ही वाढत असतील, तर आधी पीसीओएस (बीजकोषांचा संप्रेरकांशी जोडलेला विकार) आणि थायरॉइड तपासून घ्या. तासातासाला पॅड बदलावं लागणं, सात दिवसांवर रक्त जाणं, पाळीआधी जगणंच नको वाटण्याइतकी उदासी, किंवा भरमसाट खाऊन ओकून काढणं, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून जवळचं आरोग्य केंद्र किंवा गोमेकॉची (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची) ओपीडी गाठावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. आणि डाएट सुरू केल्यापासून पाळीच थांबली असेल तर खाणं फार कमी पडतंय, तिन्ही वाटा सोडून आधी पोटभर खा.

काट्यावर उभं राहायचं ते पाळीच्या सहाव्या-सातव्या दिवशी, सकाळी, काही खाण्याआधी, आणि तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी. पाळीआधी अंगात धरलेल्या पाण्याने अर्धा ते दोन किलो सहज वाढतात आणि रक्त जायला लागल्यावर काही दिवसांत उतरतात. तीन चक्रं अशी मोजून बघितल्यावरही काटा जागचा हलला नसेल, तर वाढवलेल्या २०० चे १०० करून चौथं चक्र बघावं.