इंजिनाचा चिरका आवाज, टायमिंग बेल्टवरचा संशय आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप : वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना मी पाचशे रुपयांच्या आत मिळणारा एक साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप विकत घेतला. पावसाळा, त्यानंतरचा उसाचा हंगाम आणि आताचा कोल्हापूरचा उन्हाळा एवढ्या काळात तो माझ्या डिझेल डस्टर गाडीवर आणि नात्यातल्या, शेजारच्या काही गाड्यांवर वापरून झाला आहे. इंजिनाच्या पट्ट्याकडच्या बाजूने चिरका आवाज येऊ लागला की एक तर ‘टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) गेला’ असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा समोर ठेवला जातो, किंवा ‘फॅन बेल्ट ओरडतोय, चालू दे अजून’ असे म्हणून तो आवाज सोडून दिला जातो. या दोन सल्ल्यांपैकी कोणताही मानण्याआधी आवाज नेमका कोणत्या भागातून निघतो आहे हे शोधता येते आणि ते शोधलेच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. हे साधन त्या शोधात कुठवर उपयोगी पडते आणि कुठे थांबते, ते सविस्तर लिहितो.

साधनाची रचना डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच आहे. फरक एवढाच की छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी एका लहान धातूच्या डबीला जोडलेली पोलादी सळई असते. सळईचे टोक इंजिनाच्या एखाद्या स्थिर भागावर टेकवले की त्या भागाची कंपने डबीतल्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचतात आणि रबरी नळ्यांतून कानात येतात. जुने मिस्त्री हेच काम लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून करत आले आहेत आणि अजूनही उत्तम करतात. मात्र फिरत्या पट्ट्याजवळ डोके वाकवून उभे राहणे धोक्याचे असते आणि बाहेरचा गोंगाट दुसऱ्या कानात शिरतच राहतो. स्टेथोस्कोपमुळे चेहरा लांब राहतो व दोन्ही कान बंद होतात, हा त्याचा खरा फायदा.

माझ्या गाडीतला आवाज सुरुवातीला फक्त सकाळी, दमट हवेत, थंड इंजिन सुरू केल्यावर येत असे आणि थोड्या वेळाने थांबत असे. पुढे इंजिन तापल्यावरही तो येऊ लागला, आणि रेस वाढवली की त्याचा सूरही वर चढू लागला. आवाज पट्ट्याचा असेल तर तो कोणत्या पट्ट्याचा, हा पहिला प्रश्न होता. बाहेरचा पट्टा, ज्याला आपण सवयीने फॅन बेल्ट म्हणतो, तो आतल्या बाजूने रेघारेघांचा असतो आणि केवळ घर्षणाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. ताण कमी झाला, पृष्ठभाग गुळगुळीत झाला किंवा त्यावर तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) सांडले की तो पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. टायमिंग बेल्टला मात्र दाते असतात आणि ते पुलीच्या खाचांत बसतात. तो फॅन बेल्टसारखा घसरत नाही. त्याचा दाता उडालाच तर पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट आणि वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ बिघडतो आणि इंजिन अडखळू लागते किंवा बंदच पडते. टायमिंग बेल्टच्या बाजूने चिरका आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा तो पट्ट्याचा नसून त्याच्या वाटेवरच्या टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणारी पुली), आयडलरच्या (पट्ट्याला वाट देणारी पुली) किंवा कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बेअरिंगचा असतो. अति ताणलेला टायमिंग बेल्ट हुंकारल्यासारखा आवाज करतो आणि सैल झालेला आवरणावर आपटतो. पण किंचाळणे हा सहसा त्याचा स्वभाव नव्हे.

यासाठी फॅन बेल्टची परीक्षा आधी करणे इष्ट. इंजिन सुरू ठेवून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि एसी एकामागून एक चालू करावेत; भार वाढताच आवाज वाढला तर घसरणाऱ्या फॅन बेल्टचा संशय बळावतो. दुसरी परीक्षा पाण्याच्या फवाऱ्याची. रेघांच्या बाजूवर थोडे स्वच्छ पाणी मारल्यावर किंचाळणे वाढले तर ताण कमी आहे असे समजावे. तुटक चिवचिवाट क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत, ही शक्यता पाहावी. पाणी फक्त बाहेरच्या पट्ट्यावर मारायचे, टायमिंग बेल्टच्या आवरणात ते जाऊ द्यायचे नाही. साबणाची वडी घासणे किंवा पट्ट्यावर चिकट फवारा मारणे हे उपाय आपल्याकडे सर्रास केले जातात, पण त्यांनी आवाज काही काळ दबतो आणि खूण पुसली जाते, म्हणून निदान होईपर्यंत तरी ते टाळावेत. नव्या पद्धतीच्या रबराचे पट्टे जुन्या पट्ट्यांसारखे लवकर चिरत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा निष्कर्ष त्यामुळे धरून चालत नाही.

माझ्या गाडीत या दोन्ही परीक्षांनी काहीच फरक पडला नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मग फॅन बेल्ट उतरवून इंजिन अगदी थोडा वेळ चालवून पाहिले. अल्टरनेटर फिरत नसल्यामुळे बॅटरीचा दिवा लागतो, पण तेवढ्या वेळात त्याने बिघडत नाही. डस्टरच्या या दीड लिटरच्या डिझेल इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, म्हणून फॅन बेल्ट काढला तरी कूलंट फिरत राहते. ज्या गाड्यांत पंप फॅन बेल्टवर असतो, तिथे ही परीक्षा आणखी आवरती घ्यावी लागते. बेल्ट नसतानाही आवाज तसाच राहिला. याचा अर्थ अल्टरनेटर, कॉम्प्रेसर आणि बाहेरचा आयडलर हे तिन्ही एका फटक्यात निर्दोष ठरले आणि शोध आवरणाच्या आत गेला.

स्टेथोस्कोपचे खरे काम इथून सुरू झाले. सळई कधीही फिरत्या पुलीवर टेकवायची नसते. बेअरिंगच्या मधला स्थिर बोल्ट, ब्रॅकेट किंवा ब्लॉकचा धातू अशा जागा निवडायच्या असतात. कॅमशाफ्टच्या बाजूला इंजेक्टरची टिकटिक इतकी मोठी होती की दुसरे काही वेगळे ऐकूच येत नव्हते. टेन्शनरच्या बोल्टवर एकसारखी घरघर होती, तिला खरखर म्हणता आले नसते. पंप जिथे ब्लॉकला बसतो त्या भागावर सळई टेकवली तेव्हा मात्र कोरड्या धातूची खरखर आणि तिच्यावर चढलेला तोच चिरका सूर स्पष्ट आला. मिस्त्रींनी स्वतः ऐकले आणि म्हणाले, “साहेब, हे पंपाचं बेअरिंग बोलतंय. आता पंप काढायचा म्हटला की बेल्ट उतरायलाच लागतोय, मग जुना बेल्ट परत कशाला चढवायचा?”

आवरण उघडल्यावर पंपाच्या अंगावर वाळलेल्या कूलंटचे पांढरट ओघळ दिसले आणि पंपाची पुली हाताने हलवली तर ती सैल डुगडुगत होती. पट्टा मात्र दिसायला धडधाकट होता. पहिल्या सल्ल्याप्रमाणे नुसता टायमिंग बेल्ट बदलला असता तर खर्च होऊन आवाज तिथेच राहिला असता आणि पुढे अडकलेल्या पंपाने नवा पट्टाही दाते सोलून तोडला असता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असा पूर्ण संच बसवला. फॅन बेल्टची कड उसवायला लागली होती, तोही बदलला. फॅन बेल्टचा सुटलेला धागा क्रँकच्या पुलीमागून टायमिंग बेल्टच्या आवरणात ओढला जाऊ शकतो, त्यामुळे उसवलेली कड या गाड्यांत किरकोळ समजू नये.

हे काम घरी करण्यासारखे नाही. इंजिनाला खालून आधार देऊन उजवीकडचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) सोडावे लागते, क्रँक आणि कॅम त्यांच्या ठरलेल्या पिनांनी रोखून धरावे लागतात, टेन्शनरचा काटा खुणेवर आणावा लागतो आणि शेवटी हाताने इंजिनाला दोन पूर्ण फेरे देऊन खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे लागते. पिनांऐवजी खडूच्या खुणांवर काम भागवणाऱ्या कारागिराकडे हे इंजिन देऊ नये, असे माझे मत आहे. निदान आपण करावे, दुरुस्ती जाणत्या हातांत द्यावी.

नवा संच बसल्यावर त्याच दिवशी मी प्रत्येक जागेवर सळई टेकवून आवाज ऐकला आणि जमेल तेवढ्या शब्दांत टिपून ठेवला. या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग मला यात दिसतो. निरोगी बेअरिंग कसे ऐकू येते हे ठाऊक नसेल तर आजारी बेअरिंग ओळखता येत नाही; नव्या माणसाला पहिल्या दिवशी इंजिनातली प्रत्येक जागा बिघडलेलीच वाटते. पावसाळ्यात गगनबावड्याकडे आणि आंबा घाटातून रत्नागिरीकडे गाडी सतत ओल्यात चालली, उसाच्या हंगामात पाचटाचा कचरा आणि धूळ यांनी खालचे आवरण भरून गेले, तरी पंपाच्या आणि टेन्शनरच्या जागी आजही पहिल्या दिवसासारखाच एकसारखा आवाज येतो. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगवर मात्र अलीकडे हलकी खरखर जाणवते. बाहेर ती अजून ऐकू येत नाही. तिच्याकडे माझे लक्ष आहे.

इतर गाड्यांवरचा अनुभवही उपयोगी ठरला. शेजाऱ्यांच्या डिझेल स्विफ्टला एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलण्याचा सल्ला मिळाला होता, पण त्या १.३ लिटर इंजिनात टायमिंगसाठी पट्टा नसून साखळी असते. आवाज बाहेरच्या पट्ट्याच्या आयडलरमधून येत होता आणि त्याच्या मधल्या बोल्टवर सळई ठेवताच तो कळला. आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, एवढे प्रत्येक मालकाने पुस्तिकेतून पाहून ठेवावे. मेहुण्यांच्या अल्टो ८०० मध्ये टायमिंगला पट्टाच आहे, परंतु तिथे किंचाळत होता तो फॅन बेल्ट. ताण नीट करताच आवाज गेला आणि स्टेथोस्कोप बाहेर काढण्याची वेळच आली नाही.

साधनाचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत. धातूतून आवाज दूरवर पसरतो, त्यामुळे एका बेअरिंगची खरखर शेजारच्या बोल्टवरही ऐकू येते. सर्वांत मोठा आवाज जिथे येतो ती जागा सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरून ऐकावे लागते. प्लास्टिकच्या आवरणावर सळई टेकवून काहीच हाती लागत नाही. माझ्या नगाच्या डबीवरचा मुलामा पावसाळ्यातच पापुद्र्यासारखा सुटू लागला, सळईचा आटा सैल होतो आणि मग तिची स्वतःचीच किरकिर कानात येते. कानात बसणारे तुकडे कडक असल्याने जास्त वेळ ऐकवत नाही. सर्वांत गंभीर बाब नळ्यांची आहे : पुढे वाकल्यावर त्या लोंबतात आणि चालू पट्ट्याच्या जवळ जातात. मी त्या शर्टाच्या आत घेतो, बाह्या वर दुमडतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावूनच बोनेटखाली हात घालतो. रेडिएटरचा विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

विकत घेताना सळई लांब आणि आट्याने घट्ट बसणारी आहे का, हे दुकानातच फिरवून पाहावे. लांब आणि आखूड अशा दोन सळया मिळत असतील तर तो नग घ्यावा, कारण पुढून आडव्या बसवलेल्या इंजिनात पट्ट्याची बाजू चाकाच्या कमानीलगत येते आणि आखूड सळई तिथपर्यंत पोहोचत नाही.