लाइट गेली तरी पाणी नितळ होत होतं

रंगाचं सांडपाणी साफ करणाऱ्या मशीनच्या नादात एकूण ४,२३,५०० रुपये गेले. आगाऊ १,५०,००० (रोख, तेही माझंच शहाणपण), मशीन बसवल्यावर २,३५,००० आणि आठ दिवसांत पुन्हा लाल पाणी यायला लागल्यावर ‘पावडर बदलायला’ ३८,५००. या शेवटच्या रकमेची जास्त लाज वाटते, कारण तोवर मनात पाल चुकचुकली होती.

मी सोलापुरात टॉवेलच्या सुताचं डाइंग, म्हणजे रंगकाम करतो. केमिस्ट ठेवायची ऐपत नाही आणि सांडपाण्याची नोटीस कधी येईल याचा नेम नाही. अशा वेळी ‘फोटोकॅटालिस्ट (उजेडाच्या जोरावर रंग तोडणारी पावडर) आणि नॅनो कार्बन (अगदी बारीक कोळसा), गाळ नाही, केमिकल नाही’ म्हणणारा माणूस दारात आला, तर तुम्ही तरी चहा न पाजता परत पाठवला असता का?

डेमो माझ्याच रंगखान्यात झाला. बादलीत लाल पाणी, वर निळी ट्यूब, आत त्याची पावडर. मध्येच लाइट गेली, ट्यूब विझली. तरी वीस मिनिटांत पाणी नितळ! आणि मी टाळी वाजवली. उजेडावर चालणारं यंत्र अंधारात चाललंच कसं, हे शाळकरी पोरानंही विचारलं असतं. वर ब्लीचिंगचा वास येत होता. जन्म त्या वासात गेलाय माझा, पण वाटलं आपल्याच ड्रमचा असेल.

ओळखीच्या प्राध्यापकांनी उरलेली पावडर नुसती हुंगली आणि हसले, ब्लीचिंगचाच वास! टायटॅनियम डायऑक्साइड या नेहमीच्या फोटोकॅटालिस्टला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश लागतो. उन्हातही तो जेमतेम ४-५ टक्के, आणि माझ्या ट्यूब नुसत्याच निळ्या. गडद पाण्यात तर उजेड शिरतच नाही. कोळसा रंग नष्ट करत नाही, धरून ठेवतो. भरला की संपलं. आणि रिॲक्टिव्ह (सुताला पक्क्या बसणाऱ्या) रंगासाठी आपण जे मीठ ओततो ते या दोन्हींनी जात नाही, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जिथल्या तिथे. खऱ्या प्रयोगात म्हणे आधी अर्धा तास अंधारातच ठेवतात, रंग पावडरला नुसता चिकटतो किती ते मोजायला. म्हणून सांगतो, दिवा बंद ठेवूनही डेमो मागा. नमुना स्वतः भरा, लॅब स्वतः निवडा.

पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘हा दिवाणी मामला’. ग्राहक मंचाचं विचारलं, तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. प्रदूषणवाल्यांकडे अर्ज केला, तर त्यांनी दोन माणसं पाठवली, माझ्याच पाण्याचा नमुना घ्यायला! सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) २५० च्या वर, म्हणून नोटीस मला. चार अर्ज दिले, पोच एकाचीच. साहेब बैठकीत, साहेब दौऱ्यावर, मग साहेबांची बदली. नवे साहेब म्हणतात फाईल आणा. फाईल त्यांच्याच कपाटात आहे! विकणाऱ्याला एक फोन कुणी केला नाही. बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा. मी नंतर तपासला, रद्द झालेला निघाला.

काल भंगारवाला येऊन गेला. टाकी आणि ट्यूब मिळून ११०० देतो म्हणाला.